आईने बोलायचं नाही

५ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही पाठवलेलं पुस्तकांचं खोकं काल भेटलं. खारू झोपल्यावर मी एकटीच वाचायला बसले. म्हटलं, पोरीला घरी शिकवायचं तर आपण निदान एक पान तिच्या पुढे असावं. पहिलं पुस्तक उरकलं. दुसऱ्यात जोडाक्षरं लागली आणि माझी गाडी रुतली. 'द्ध' कुठला आणि 'ध्द' कुठला, मला तर दोघं जुळे भाऊच दिसतात. मग झोप गेली ती गेलीच.

खरं सांगते, भीती अक्षरांची नाही. जाताना दारात तुम्ही म्हणालात, थंडी संपेपर्यंत पोरीला घडाघडा वाचता आलं नाही तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार. तुम्ही हसत म्हणालात. पण हे हसले नाहीत. मी बघितलं त्यांच्याकडे.

शाळेचं झालं ते बरंच झालं म्हणायचं. तापात पोरीचे दोन महिने गेले, तर लगेच खालच्या वर्गात बसवा म्हणाले, ते यांना लागलं. तुमच्यासारखी मुख्याध्यापिका बहीण असताना शाळेची गरज काय, असं हे सगळ्यांना सांगतात. पण शिकवणार तर मी आहे ना. त्यात लॉन्ड्रीचं काम वाढलंय. थंडी सुरू झाली की हॉटेलवाले जाड रजया बाहेर काढतात. उश्यांचे अभ्रे आणि रजयांच्या खोळी, गाठोडीच्या गाठोडी घरी येतात, उसवलेलं शिवायचं, इस्त्री मारायची, गाडी आली की द्यायचं. मागच्या खोलीत बसायला जागा नाही, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. खारू त्या ढिगावर बसूनच गिरवते.

तिने 'क' बघितला आणि म्हणाली, आई, याला दोन्हीकडून पोट सुटलंय, आपल्या वाटणीचं पण खाल्लं वाटतं. मी एवढी हसले की इस्त्री तशीच राहिली आणि एक अभ्रा पिवळा पडला.

माझ्या भावाचा रविवारी फोन होता. त्याला सांगितलं, मी मास्तरीण झाले. हसता हसता त्याला ठसका लागला. म्हणतो, भाऊ अंगठेबहाद्दर, बहीण पाचवी पास, आता भाची बॅरिस्टर.

तुम्ही म्हणालात फोनवर नको, पत्रच लिही, तेवढंच तुझंही शुद्धलेखन सुधारेल. म्हणून लिहिलं. चुकलं माकलं पोटात घाला.

तुमची धाकटी


१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवते आहे. राग मानू नकोस, आयुष्यभर मी हेच केलं. चुका मोजायला घेतल्या होत्या, मग सोडून दिल्या.

खोकं 'भेटलं' असं तू लिहितेस. वस्तू मिळते, माणूस भेटतो. खोकं तुला येऊन भेटायला त्याला पाय नाहीत. कन्याही असंच बोलते, हे मी तिथे असताना ऐकलं. (तिला खारू म्हणणं आता बंद करावं. पोर आहे, प्राणी नाही.)

मुलाची जीभ आईवर जाते. शाळेत निदान चार तास तरी तिच्या कानावर दुसरं काही पडत होतं. आता घर हीच शाळा आणि तूच बाई. तुझ्या कष्टांची मला जाणीव आहे, पण कष्टाने भाषा सुधारत नसते. तेव्हा मी असं ठरवलं आहे. सगळे धडे मी माझ्या आवाजात वाचून पाठवते. ते तुझ्या फोनवर लावायचे. त्यातलं कार्ड तुझा नवरा काढून घेईल, बाळला मी सांगितलं आहे, म्हणजे धड्याच्या मध्येच कोणाचा फोन वाजायला नको. तुझ्या भावाचे वगैरे फोन बाळच्या फोनवर येतील.

धडा चालू असताना तू बोलायचं नाही. तिने तुला काही विचारलं तरी नाही. पुन्हा लावून द्यायचं, ती ऐकेल. तू आपली इस्त्री कर.

बाळला मी आईविना वाढवलं. मुलांचं काय करायचं ते मला कळतं.

तुझी,
वन्सं


२६ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बघा, बरोबर लिहिलं.

तुम्ही सांगितलं तसं चाललंय. यांनी त्याच संध्याकाळी माझ्या फोनमधलं कार्ड काढलं. सकाळी मी इस्त्री तापवते, फोन स्टुलावर ठेवते आणि तुमचा आवाज सुरू करते. पोरगी तुम्हालाच उत्तर देते. तुम्ही विचारता, समजलं का, तर ती स्टुलाकडे बघून म्हणते, समजलं आत्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणते, नाही समजलं. मी तोंडावर बोट ठेवते. मग ती पण ठेवते. दोघी मुक्याने हसतो. हे चालतं ना, हसणं?

वाचायला मात्र लागलीय हां. तुमचं खरं ठरलं. काल गाठोड्यावर हॉटेलच्या नावाचा शिक्का होता, तो तिने अख्खा वाचला.

एक गोष्ट झाली ती आपणहून सांगते, नाहीतर हे सांगतीलच. जेवताना ती म्हणाली, मला भात भेटला नाही. यांनी तिच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाले, मिळाला नाही म्हण, मग मिळेल. ती म्हणेना. हट्टी आहे, कोणावर गेली कोण जाणे. मी मधे पडून म्हटलं, अहो भूक तर एकच असते, भेटली काय नि मिळाली काय. हे उठून बाहेर गेले आणि तुम्हाला फोन लावला, ते मला खिडकीतून दिसलं.

तुम्ही रागावला असाल तर मला लिहा. यांच्याकडून कळलं की मला जास्त भीती वाटते.

धाकटी


३ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

रागावले नाही. उलट तुझ्या त्या एका वाक्याने माझं काम सोपं केलं. सकाळभर मी जे बांधते ते जेवणाच्या वेळी तू उसवतेस. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे अधिक सांगायला नको.

यापुढे दिवसभर. मुलीसमोर तू बोलायचं नाही. जेवण वाढताना, अंघोळ घालताना, झोपवतानाही नाही. खुणेने सगळं होतं, मुकी माणसं संसार करतातच. बाळशी काही बोलायचं असेल तर ती झोपल्यावर. थंडी संपेपर्यंतच आहे. तिची भाषा एकदा घट्ट बसली की मग तू तुझं हवं तेवढं बोल.

तुला ती जवळ हवी आहे ना? मग वाचायला लागू दे. मी माझा शब्द विसरलेले नाही, तूही विसरू नकोस.

वन्सं


२२ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

मी पाळते आहे. देवाशपथ एक शब्द नाही. पण तुम्हाला हात जोडून एक मागते, शेवटपर्यंत वाचा.

पहिले दिवस तिला खेळ वाटला. मला बोलतं करायला तिने काय काय केलं. गुदगुल्या केल्या. अभ्रा डोक्यात घालून भूत झाली. कानात येऊन म्हणाली, आई, तुला शेपूट फुटलंय, बघ. मी ओठ चावून बसले. मग ती चिडायला लागली. माझ्या पाठीत बुक्क्या मारल्या. मग एक दिवस मुद्दाम इस्त्रीजवळ हात नेला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हात ओढला, पण ओरडले नाही, वन्सं. ओरडायला पाहिजे होतं की नाही ते तुम्हीच सांगा, मला आता कळेनासं झालंय.

त्यानंतर तिने नाद सोडला.

परवा तिने यांना विचारलं, आईला काय झालंय? मी तिथेच खोळ शिवत होते. वाटलं, हे सांगतील, आत्याने सांगितलंय, थोडे दिवस आहे. हे म्हणाले, तू नीट बोलत नाहीस म्हणून आईला तुझ्याशी बोलायचं नाही.

ती माझ्याकडे आली नाही. गेली आणि स्टुलाशी बसली. तुमचा धडा तिने स्वतःच लावला.

आता ती रात्री भिंतीकडे तोंड करून झोपते. मी वेणी घालते तर मान ताठ ठेवते, परक्या बाईकडून घालून घेतल्यासारखी. काल मी तिला पाणी दिलं तर म्हणाली, आभारी आहे. सहा वर्षांची पोर आईला आभारी आहे म्हणते.

वन्सं, मला एकच वाक्य बोलू द्या. तुम्ही लिहून पाठवा, शुद्ध, तुमच्या मनासारखं. मी पाठ करून तेवढंच म्हणेन. आई रागावलेली नाही, एवढंच. त्यात कुठे चूक होणार आहे?

धाकटी


३० डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

कन्येने आभार मानले, याचा तुला आनंद व्हायला हवा होता.

इतके दिवस केलेलं एका वाक्यासाठी घालवायचं का, तूच विचार कर. एका वाक्यानंतर दुसरं येतं. तुला थांबता येत नाही, हे मी लग्नातच पाहिलं होतं.

आता महत्त्वाचं. घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी करायला कार्यालयातून एक बाई येतात. मी त्यांना ओळखते, तुमच्या घरी जाऊन या असं मीच कळवलं. जानेवारीत येतील. खोली आवरून ठेव, गाठोडी दिसता कामा नयेत. मुलीला वाचू दे. तू मात्र बोलू नकोस. तुझं बोलणं ऐकलं तर तिचे गुण कमी होतील. काही विचारलंच तर मान हलव, बाकीचं बाळ सांगेल.

हे नीट पार पडलं तर पुढचा प्रश्नच उरणार नाही.

वन्सं


१७ जानेवारी

वन्संना नमस्कार.

झालं. पास झालो आम्ही. मी आज जेवले, पोटभर.

बाई सकाळी आल्या. चांगल्या होत्या, चप्पल दाराबाहेर काढली, खारूच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. (क्षमा करा, खारू लिहायचं नव्हतं.) त्यांनी पुस्तकातलं कुठलंही पान उघडलं आणि पोरीने ते पाण्यासारखं वाचलं. 'शुद्ध' आलं, 'उद्ध्वस्त' आलं, अडली नाही. मी दारात उभी होते. मला वाटलं माझे पाय जमिनीला नाहीत.

मग त्यांनी तिच्याशी गप्पा मारल्या. तुला कोण शिकवतं? आत्या. गोष्ट कोण सांगतं? आत्या. रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारतेस? ती म्हणाली, कोणाला नाही. आई बोलत नाही माझ्याशी. आधी बोलायची.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, खरं का हो? माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली, नको. मग मी पण मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं, तुम्हाला बोलायला काही त्रास आहे का? मी मान हलवली. मुलीवर नाराज आहात का? मी मान हलवली, जोरात. बाईंना कळलं असेल ना, की नाही म्हणत होते?

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काळजी करू नका, आता आम्ही बघतो सगळं, म्हणाल्या. किती दिवसांनी मला कोणी असा हात लावला. मी दार लावून घेतल्यावर रडले.

आता तुमचा शब्द. पोर घडाघडा वाचते. थंडीही उतरणीला लागली, रजया परत यायला लागल्यात. यांच्याकडे निरोप द्या की मी बोलू शकते. ती उठायच्या आत निरोप आला तर फार बरं होईल. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या तिला हाक मारायची आहे.

धाकटी


२९ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

मुलगी उत्तम वाचते, हे बाईंनी अहवालात आवर्जून लिहिलं आहे. श्रेय माझ्या पद्धतीला दिलं आहे, पण तू ती पाळलीस, तेवढं मी मानते.

दुसरंही लिहिलं आहे. आई मुलीशी बोलत नाही. विचारलं असता कारण देत नाही. मुलीवर नाराज आहात का, या प्रश्नाला होकारार्थी मान हलवली. मूल आईला हाक मारत नाही. अशा परिस्थितीत मुलीला तिच्या आत्याकडे ठेवणं हिताचं, असं त्यांचं मत आहे. बाळनेही तसं सांगितलं आहे. मी विरोध करण्याचं कारण नव्हतं.

मी तुला बोलू नको म्हटलं होतं, असं तू आता म्हणशील. तुझी पत्रं माझ्याकडे आहेत, माझी तुझ्याकडे. बाळला मी ती जाळायला सांगितली आहेत, घरात उगाच कागद नकोत. शिवाय कोण विश्वास ठेवेल, धाकटे? कुठली आई नणंदेने सांगितलं म्हणून गप्प बसते?

येत्या रविवारी मी तिला न्यायला येते आहे. तिचे गरम कपडे वेगळे बांधून ठेव. तिची खोली तयार आहे, टेबल खिडकीजवळ लावलं आहे. बऱ्याच वर्षांनी मला घरात कोणीतरी मिळालं.

आता तू मोकळेपणाने बोलू शकतेस.

वन्सं


३१ जानेवारी

ती. ताईस,

तू म्हणालीस तसंच झालं. पत्र वाचल्यापासून बोलायला लागली आणि थांबेना. पोरीला धरून बसली, नुसती बडबड, गोष्टी काय, गाणी काय, तू माझी खारू आहेस काय. दोन महिन्यांचं एकदम. पोर घाबरली. कान झाकून घेतले आणि म्हणाली, आत्याला लाव.

तेव्हा मग मीच तिला सोडवून घेतलं आणि हिला मागच्या खोलीत घातलं. बाहेरून कडी लावली आहे. जेवण देतो. काम आत देतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. तिचा भाऊ फोन करत होता, त्याला म्हटलं झोपली आहे.

तू लवकर ये. मला एकट्याला हे झेपत नाही. मुलगी तुझी वाट बघते आहे असं मी तिला म्हणायला सांगितलंय, ती तसं म्हणते.

तुझा,
बाळ


शुक्रवार

ज्याला कोणाला हा कागद मिळेल त्याला नमस्कार.

मी लॉन्ड्रीचे अभ्रे शिवणारी आणि इस्त्री करणारी बाई. मला वेड लागलेलं नाही, हे आधी सांगते, कारण तुम्हाला तसं सांगतील. हा कागद मी उशीच्या अभ्र्यात घालते आहे आणि वर चार घड्या ठेवते आहे. गाठोडं आज दुपारी गाडीत जाईल. गाडीवाल्याला विचारू नका, तो माझ्या नवऱ्याशी बोलतो. घड्या घालणाऱ्या बायकांपैकी कोणाला मिळाला तर फारच बरं, तुम्ही मला ओळखता. हॉटेलात उतरलेल्या माणसांना मिळाला तर तुमच्याही पाया पडते.

मला मागच्या खोलीत कोंडलंय. माझी मुलगी पुढच्या खोलीत आहे. रविवारी माझी नणंद येऊन तिला घेऊन जाणार. मग मला ती दिसणार नाही. नणंद म्हणते मी मुलीशी बोलत नाही, पण बोलू नको असं तीच म्हणाली होती. तिची पत्रं माझ्या डोळ्यांसमोर चुलीत गेली. हे तुम्हाला पटणार नाही. मला पण कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पोरीने कान झाकले ते बापाच्या आवाजाने. हे दारात ओरडत होते ना, म्हणून. माझ्यासाठी नाही. मी दाराला तोंड लावून तिला सांगत असते, मी रागावलेली नाही. पलीकडून नणंदेचा आवाज येतो, धड्याचा. हे तो मोठा करतात. पोरगी त्या आवाजाबरोबर वाचते, न अडखळता. छान वाचते. एकदाच मधे थांबली होती. मी पुन्हा बोलले. मग तिने पहिल्यापासून सुरू केलं.

मला पोलीस नको, कार्यालयातल्या बाई नकोत. त्या येऊन विचारतील आणि मी काही बोलले तरी कागदावर वेगळंच उमटेल. मला लिहिलेलं आता काहीच नको.

माझा एक भाऊ आहे. वेल्डर आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला पत्र घालून उपयोग नाही, दुसऱ्याकडून वाचून घेईल आणि तो दुसरा सगळीकडे सांगेल. त्याला तोंडानेच सांगायला लागतं. घर त्याला माहीत आहे. लोखंडाची कडी त्याच्यापुढे काही नाही. त्याला वाटतंय मी झोपलेली आहे. दर वेळी फोन केला की हेच ऐकतो, बहीण झोपलीय. तो साधा आहे, विश्वास ठेवतो. कुठली बाई दिवसभर झोपते, हे त्याला सुचलं नसेल.

तो फोन उचलेल आणि ओरडूनच विचारेल, कोण, कारण कारखान्यात त्याचे कान गेलेत. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून ठेवून देईल. ठेवायच्या आत म्हणा, गंजक्या. मी एकटीच त्याला तसं म्हणते. मग तो ऐकेल. त्याला फार समजावत बसू नका. तुझी बहीण जागी आहे, एवढंच सांगा. आणि रविवारच्या आत ये, असं.

नंबर याच अभ्र्याच्या आतल्या शिवणीजवळ पेनाने लिहिलाय. अभ्रा पाण्यात टाकाल तर जाईल. आधी नंबर बघा, मग काय करायचं ते करा, कागद फाडून टाका, मला वेडी म्हणा, पण माझ्या भावाला फोन करा.